मावशींची मुलाखत

"उत्तरा, प्रबंध मंजूर झालाय, म्हणजे आता मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज पुसायची. आज पाचच्या आत," सर म्हणाले आणि माझ्या लेकीच्या हातात बिस्कीट देऊन वर्गावर गेले.

सागरी सुरक्षेवरच्या या कामात सगळ्यात मोलाची मुलाखत कोळीवाड्यातल्या मावशींची होती. गावातल्याच एका बोटीतून चोरटा माल उतरताना त्यांनी पाहिला होता. त्यांचा आवाज कुणी ओळखला असता, तर त्यांना गावात राहणं कठीण झालं असतं.

पुसण्याआधी एकदा लावली. "अगो, सातवा लागलाय नि दगडावर काय बसतेस? हा पाट घे." माझी आई मी लहान असतानाच गेली. माझ्या गरोदरपणात मला असं हक्कानं रागावलं ते मावशींनीच. मांडीवरची लेक आवाज ऐकून हसली. पोटात असताना तिनंही तो ऐकला असेल.

फोनवर कॉपी घेतली, तर कुणाला कळणार होतं? केबल जोडलीसुद्धा.

तेवढ्यात लॅपटॉपमधून माझाच आवाज आला. "मावशी, काम झालं की हे सगळं पुसेन. शब्द देते."

"शब्द काय देतेस? आधी जेव. भात वाढू?"

ताट सरकल्याचा आवाज झाला. त्या दिवशी मी दोनदा भात घेतला होता.

केबल काढली, फाईल पुसली. "पुन्ना," लेक रडवेली होऊन म्हणाली.

तिला कडेवर घेतलं आणि मावशींच्या हेलात म्हटलं, "अगो, रडतेस काय? मी हाय ना."