परतीची कुपी

वराचे काका आणि घराण्याचे प्रवक्ते फाइवा यांनी काठी भूमीवर टेकवली आणि सुनेने आणलेली भेट साऱ्या मंडपाला ऐकू जाईल अशी पुकारली: सिडनीहून आलेले, सोनेरी झाकणाच्या काचकुपीतील दिव्य तेल, मोल एकशे ऐंशी डॉलर. त्या गावात भेट मुकाट्याने स्वीकारणे हा तिचा अवमानच. वऱ्हाडाने शिट्ट्या मारल्या. नवी सून इमोजेन लाजून लाल झाली. आपल्या पगारातून साठवून तिने ती कुपी सासूसाठी घेतली होती.

सासू मातालेनाने फीत सोडली, झाकण उघडून कुपी नाकाशी नेली. मोसोओईच्या फुलांचा तो गंध, त्यामागून हळूच येणारी हळदीची ऊब. असे तेल त्या बेटावर एकटी तीच करी, आणि आपिया शहराचा व्यापारी ते परदेशी धाडण्यासाठी पिंपाने विकत नेई.

शेजारी बसलेल्या नणंदेनेही वास ओळखला. "अगं वहिनी, हे तर तुझंच..."

मातालेनाने तिच्या मांडीला चिमटा काढला. हे चारचौघांत फुटले असते, तर सुनेची थट्टा तिच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत गावात पुरली असती.

वधूच्या नृत्याची वेळ झाली. नाचणाऱ्या वधूचे अंग तेलाने झळाळले पाहिजे, हा तेथला रिवाज. मातालेनाने सुनेला स्वयंपाकाच्या खोपीत नेले आणि अख्खी कुपी तिच्या खांद्यांवर रिती केली.

"अहो आई, दोनच थेंब लावायचे असतात. केवढं महाग आहे ते."

"घाबरू नकोस, पोरी," म्हणत मातालेनाने कोपऱ्यातल्या पिंपाचे झाकण सरकवले.

इमोजेन वाकली. तिने पिंपाचा वास घेतला, मग आपल्या दंडाचा, मग पुन्हा पिंपाचा. तिचा चेहरा उतरला. मातालेना तिला सावरायला पुढे झाली. आणि ती पोर तिथेच मातीत बसकण मारून पोट धरधरून हसू लागली. सासूलाही मग हसू आवरेना.

डोळे पुसून सुनेनेच कुपी पिंपात बुडवली, काठोकाठ भरली आणि तिला पुन्हा तीच फीत बांधली.

नृत्य संपले. आता वराकडून वधूच्या मातेला परतीची भेट द्यावयाची होती. कुपी हाती येताच फाइवा मातालेनाच्या कानाशी झुकले. "वहिनी, ही तर मघाचीच दिसते. मोल काय पुकारू?"

उत्तर सुनेने दिले. तेलाने आणि घामाने ती नखशिखान्त उजळली होती. "आपल्या घरचं तेल आहे, काका. कमी नका पुकारू."

फाइवांनी झाकण किंचित उघडून हुंगले, एकवार सुनेकडे, एकवार भावजयीकडे पाहिले. मग गंभीर मुद्रेने काठी टेकवून त्यांनी मोल पुकारले: तीनशे डॉलर.