मुदतवाढ

बाबा शुक्रवारी सकाळी वारले. थोड्या वेळाने ते चहा मागायला स्वयंपाकघरात आले, तेव्हा हा विषय कोणी काढला नाही.

सूनबाईने चहाबरोबर न मागता बिस्किटं दिली. बाबांनी आधी बिस्किटांकडे पाहिलं, मग सूनबाईकडे. त्यांची सगळी नोकरी इमारतींच्या लिफ्ट तपासण्यात गेली होती. एखादी गोष्ट नेहमीपेक्षा गुळगुळीत चालायला लागली की त्यांना संशय यायचा.

"काय झालंय?"

"कुठे काय?" सूनबाई म्हणाली आणि तिने खिडकी लावून घेतली.

तेवढ्यात बेल वाजली. दार बाबांनीच उघडलं. समोर शेजारचे दाताचे डॉक्टर, चेहरा पाडून उभे.

"काका, फार वाईट झालं. आत्ताच पाहिलं." त्यांनी बाबांचे दोन्ही हात हातात घेतले. हात गरम लागले तसे सोडून दिले. "येतो मी," म्हणाले आणि जिन्याने गेले. लिफ्ट समोर उभी होती तरी.

बाबांनी सूनबाईकडून फोन मागून घेतला.

चिरंजीवांचं एक चॅलेंज चालू होतं. वर्षभर रोज एक व्हिडिओ, रोज आयुष्याचा एक धडा, एकही दिवस चुकवायचा नाही. दूध उतू गेलं त्यातून ते संयम शिकले होते, चावी हरवली त्यातून अलिप्तता. आजच्या धड्याचं नाव होतं, 'बाबा गेले आणि मला वेळेची किंमत कळली.'

बाबांनी तो शेवटपर्यंत पाहिला. मुलगा मनापासून रडला होता. पण त्याच्या अंगात स्वेटर होता, आणि गेले काही आठवडे घरात पंख्याशिवाय कोणाला बसवत नव्हतं.

त्यांनी चिरंजीवांना खोलीतून बाहेर बोलावलं.

"मी थंडीत गेलो का रे?"

"बाबा, तसं नाहीये ते." चिरंजीवांनी कानातले हेडफोन काढले. "समजा तुम्हाला खरंच काही झालं. त्या दिवशी मला शूट जमेल का? धावपळ असेल, मन थाऱ्यावर नसेल. आणि एक दिवस चुकला की चॅलेंज पहिल्यापासून. म्हणून आधीच करून ठेवला."

"माझ्या एकट्याचाच?"

चिरंजीव फरशीकडे बघायला लागले.

"माझा पण आहे?" आई हात पुसत बाहेर आली. "उजेडात केलास ना? यांचा किती काळोखा आलाय."

"तुझा बाल्कनीत केलाय, आई. छान आलाय."

"मग ठीक."

"आणि माझा?" सूनबाईने विचारलं.

"तुझे दोन आहेत," चिरंजीव म्हणाले, आणि लगेच बाबांकडे वळले.

"दुसरा कशावर आहे?" सूनबाई म्हणाली.

"हा आजच कसा लागला?" बाबांनी विचारलं.

"तारीख टाकल्याशिवाय ॲप घेतच नाही, बाबा. मग मी पुढच्या महिन्यातली टाकतो. ती जवळ आली की तुम्हाला आणखी एक महिना पुढे ढकलतो. अगदी आठवणीने. या वेळी कामाच्या गडबडीत राहून गेलं."

बाबांनी खुर्ची हलवून पाहिली, मग तिच्यावर बसले.

"एकच महिना का?"

"सहज. बरा वाटला."

"कोणाला बरा वाटला?"

"ॲपमध्ये पहिला पर्याय तोच येतो."

"आईलाही महिनाच देतोस?"

चिरंजीवांनी हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली. "आईला वर्ष देतो."

आईला आनंद झाला. तो लपवायला ती भिंतीवरचं घड्याळ पुसायला लागली.

"मागे माझ्या तपासणीला गेलो, तेव्हा हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी मला बाहेर बसवून तुला एकट्याला आत बोलावलं," बाबा म्हणाले. "काय म्हणाले?"

"पार्किंगचं विचारत होते."

"इतका वेळ?"

"गाडी मोठी आहे त्यांची."

बाबांनी आईकडे पाहिलं. घड्याळ केव्हाच स्वच्छ झालं होतं, तरी ती पुसत होती.

"काढून टाक तो व्हिडिओ."

"काढला की आजचा दिवस कोरा पडतो, बाबा. शिवाय इतकी माणसं कधीच आली नव्हती." चिरंजीवांचा आवाज मऊ झाला. "उद्या चुकांमधून काय शिकलो त्यावर करतो. सगळा खुलासा होईल. तोवर फक्त बाल्कनीत जाऊ नका."

"आणि महिना?"

"बघतो ना मी. वाढवतो," असं म्हणून चिरंजीव खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. आतून कडीचा आवाज आला.

बाबांनी थोडा वेळ दाराकडे बघितलं. मग फोन पुन्हा उघडला. व्हिडिओखाली अनोळखी माणसं हात जोडत होती, धीर धरा म्हणत होती. त्या सगळ्यांच्या खाली, लिफ्टच्या परवान्यांचे अर्ज वाचून वाचून अंगात भिनलेल्या भाषेत, बाबांनी एका बोटाने लिहायला घेतलं:

'महोदय, अर्जदार हा सदर व्हिडिओतील दिवंगत इसम असून सध्या हॉलमध्ये बसलेला आहे. त्याची मुदत नजरचुकीने संपली. दरमहा होणाऱ्या मुदतवाढीमुळे अर्जदाराची झोप होत नाही, तसेच मोठ्या गाडीबाबतचा खुलासा त्यास समाधानकारक वाटत नाही. तरी अर्जदाराची तारीख त्याच्या पत्नीच्या तारखेला जोडून, दोन्ही तारखा कायमस्वरूपी पुढे ढकलण्यात याव्यात, ही नम्र विनंती.'