दाण्याची चटणी

“बेटा, दोपहर में क्या-क्या खाया?”

डॉक्टरांनी दुसऱ्यांदा विचारलं. सात वर्षांच्या वैष्णवीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. डोळे सुजून बारीक झाले होते, गळ्यापासून पोटापर्यंत लाल गांधी उठल्या होत्या. मांडीत इंजेक्शन देऊन दहा मिनिटं झाली होती. छातीतली शिट्टी आता जरा कमी वाजत होती.

“पोळी,” ती मास्कच्या आतूनच म्हणाली. “आलू की सब्जी.”

“और कुछ?”

वैष्णवीने पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या आजीकडे, माईंकडे पाहिलं. मग मान हलवली. नाही.

माईंनी पलंगाची दांडी घट्ट धरली.

“मूंगफली तो हमारे घर में आती ही नहीं, सर. दो साल से,” कृतिका म्हणाली. वैष्णवीची आई. घरातल्या गाऊनवर ओढणी टाकून ती लेकीला उचलून रिक्षाने दवाखान्यात आली होती. “आज नया सिरप दिया था मैंने, खाँसी का. खाने के पहले.” ती सासूकडे वळली. “मीच दिलं हो, माई. माझ्या हाताने दिलं.” आणि ओढणीत तोंड खुपसून रडायला लागली.

डॉक्टरांनी औषधाचं नाव विचारलं. “फिर तो सिरप ही लगता है. अब यह दवा इसे कभी मत देना.” ते लिहायला लागले.

माई त्या कागदाकडे बघत होत्या.

दोन वर्षांपूर्वी इंदूरच्या डॉक्टरांनी ॲलर्जी आहे म्हणून वैष्णवीला शेंगदाणे बंद सांगितले, त्याच संध्याकाळी कृतिकाने घरातले दाणे, कूट, चटणीची बरणीसुद्धा बाहेर काढली. माई तेव्हा काही बोलल्या नाहीत. त्यांच्या हातची दाण्याची चटणी सगळ्या कॉलनीत मागून नेत असत. निमाडची लाल मिरची, लसूण, जिरं, आणि दाण्यांना तेल सुटेपर्यंत खलबत्त्यात कुटायचं. ते सोडलं त्यांनी. नातीपुढे चटणीचं काय.

पण मागच्या महिन्यात वैष्णवी डबा विसरून गेली म्हणून माई शाळेत गेल्या. सगळी मुलं वर्गात घोळक्याने बसून खात होती. वैष्णवी व्हरांड्याच्या टोकाला एकटी बसून कुणीतरी दिलेलं केळ सोलत होती. “मॅम बोली, तू अलग बैठ,” तिने सांगितलं. तिला त्याचं काही वाटतही नव्हतं. माईंनाच ते सोसलं नाही.

रोज थोडं थोडं घेतलं तर विषही पचतं, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. मोहरीच्या दाण्याएवढ्या चटणीने त्यांनी सुरुवात केली. कृतिका गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली की बोटाच्या टोकावर घेऊन वैष्णवीच्या जिभेला लावायच्या. तिखटाने तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, तरी ती बोट चाटून पुसून घ्यायची. “और दो ना, माई.” काही होत नव्हतं. साधं पुरळसुद्धा नाही. आज माईंनी धीर केला आणि तुपाच्या पोळीला लावून चमचाभर दिली.

डॉक्टरांनी कागद कृतिकापुढे धरला.

“डॉक्टरसाब,” माई म्हणाल्या. “सिरप से नहीं हुआ. मैंने चटनी दी. मूंगफली की.”

डॉक्टरांचा हात तसाच राहिला. “आज?”

“आज चम्मच भर. पहले ज़रा-ज़रा. रोज.”

“कब से?”

“बीस-बाईस दिन हुए. आदत पड़ जाए करके.”

डॉक्टर शांतपणे म्हणाले, “माताजी, ऐसा इलाज होता है. बड़े अस्पताल में, तौल-तौलकर, सुई सामने रखकर. रसोई में नहीं.” त्यांनी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला.

कृतिकाचं रडणं एकदम थांबलं होतं.

“कुठे होती?” तिने विचारलं.

“काय गं?”

“चटणी. मी रोज सगळी फडताळं पुसते, माई. कुठे ठेवली होती तुम्ही?”

“देवघरात,” माई म्हणाल्या. “वातींच्या डब्यामागे.”

कृतिका स्टुलावर बसली. तिने वैष्णवीचा तळपाय दोन्ही हातांत धरला आणि त्याच्याकडेच बघत राहिली. माईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे केला. कृतिकाने खांदा आखडून घेतला.

“मला वाटलं...” माई म्हणाल्या.

वैष्णवी हुंदके द्यायला लागली. श्वास पुन्हा अडकला असं वाटून नर्स धावली, डॉक्टर वाकले. तिने मास्क हाताने बाजूला ढकलला. सुजलेल्या डोळ्यांनी ती डॉक्टरांच्या पलीकडे आजीकडे बघत होती. रागाने.

“माई, तू क्यूँ बता दिया?” ती म्हणाली. “मी तर नव्हतं सांगितलं.”