फायलींचं बारसं
बहात्तरच्या दुष्काळात चाऱ्याविना हैराण झालेली शेळी ग्रामपंचायतीत शिरली आणि कणकेच्या खळीनं फायलींवर चिकटवलेल्या नावांच्या चिठ्ठ्या फस्त करून गेली. आतले कागद बचावले, नावं गेली. "तुळजापूरहून तहसीलदार दुपारी यायचेत. फायली लाव, नवी नावं टाक!" सरपंच कारकुनावर खेकसले. कारकून बब्रुवान फायली चाळत बसला. त्याच्याच बौद्धवस्तीच्या विहिरीचा अर्ज सरपंचांनी तीन वर्षं 'निकाली' गठ्ठ्यात दाबून ठेवला होता. त्यानं त्या फायलीवर ठळक अक्षरांत 'तातडीचे' लिहिलं आणि ती सगळ्यांत वर ठेवली. तहसीलदारांनी वरचीच फाईल उघडली, वाचली, मंजुरीची सही ठोकली. "ही तातडीची कवा झाली रं?" सरपंच कुजबुजले. "आज सकाळी, सरपंचसाहेब." विहिरीला पाणी लागलं, तेव्हा सरपंच भाषणात म्हणाले, "ही विहीर तीन वर्षं माझ्या डोक्यात होती." सगळ्यांत जोरात टाळ्या बब्रुवाननं वाजवल्या.