सीटची उंची

शालनताई दाराशी उभ्या होत्या, आणि बाळासो स्वतःच्या पावलांकडे पाहत होते. पावलाचे मोडलेले हाड सात आठवड्यांनी जुळले होते. आज कामावर जायचे म्हणून ते सायकलवर बसले, तर एरवी जेमतेम चवडा टेकायचा तिथे दोन्ही पावले सपाट टेकली.

"हाड जुळताना पाय लांब हुतोय काय गं?"

"सीट खाली घेतलीया," शालनताई म्हणाल्या.

"कुणी?"

"मीच. दुपारी तुम्ही झोपला की रंकाळ्याला जाऊन येतो."

"काय आणायला?"

"काय न्हाय. नुसतं."

नुसतं कुठे जाणाऱ्या बाईशी आपले लग्न झाले आहे, हे बाळासोंना सत्तावीस वर्षांत प्रथमच कळत होते.

शालनताईंनी आतून पाना आणून दिला. "घ्या वर करून. उशीर हुईल."

बाळासोंनी पाना क्षणभर हातात तोलला, त्यांच्याच हाती परत ठेवला, आणि उतरून सायकल भिंतीला टेकवली.

"अहो, मग उचगावपर्यंत जाणार कशानं?"

डबा काखेत धरून बाळासो, किंचित लंगडत, बस स्टॉपच्या दिशेने चालू लागले होते.