एकही सुरकुती नाही

“फुसाएआजींचा चेहरा काय म्हणतोय, आजोबा?”

क्रीमची नवी डबी पाठवण्याआधी कंपनीतली चिनात्सु दर महिन्याला फोन करून विचारायची.

“इतक्या वर्षांत एक सुरकुती वाढली असेल तर शपथ!” कामेजिरो आजोबा सांगायचे. “माझं मात्र पार खारवलेलं आलुबुखार झालंय.”

हे ऐकून चिनात्सुचे साहेब हरखले. असं गिऱ्हाईक जाहिरातीत हवंच! पुढच्याच आठवड्यात ती कॅमेरावाल्याला घेऊन कागोशिमाला आजोबांच्या दारात हजर झाली.

आजोबांनी चहाचे चार पेले भरले.

“क्रीम लावण्याआधीचा फोटो आहे ना आजींचा? आता नंतरचा काढू. बोलवा त्यांना,” चिनात्सु म्हणाली.

आजोबांनी चौथा पेला उचलला, कोपऱ्यातल्या पितरांच्या देव्हाऱ्याची दारं उघडली आणि काळ्या चौकटीतल्या हसऱ्या फोटोपुढे तो ठेवला. शेजारी न उघडलेल्या डब्यांची चळत लागली होती.



“आधीचा हाच आणि नंतरचाही हाच, पोरी. पण डबी पाठवणं बंद करू नकोस. तिचं नाव घेऊन चौकशी करणारं आता दुसरं कोणी उरलं नाही.”