पुस्तक इचारणा नाय

किनाऱ्यावरून आगबोटीपर्यंत माणसं नेणारा पडाव सुटायला आला होता आणि रविकांत अजून हिराच्या गाठोड्यात पुस्तक कोंबत होता.

“वहिनी, हट्ट सोडा. घरी चला. नाहीतर निदान हे तरी बरोबर न्या. आगबोटीत वाचा. सगळं आहे यात.”

सगळं म्हणजे काय, ते हिराला पाठ होतं. मन कणखर कसं करावं हे शिकवणारं ते पुस्तक दिरानं मुंबईहून मागवलं होतं. दसऱ्यापासून रोज सकाळी तो तिला आरशापुढं उभी करायचा आणि म्हणायला लावायचा, ‘मी आनंदी आहे, मला कशाची भीती नाही.’ नवरा दर्यात बुडालेल्या बाईनं आरशात बघून हे म्हणायचं! वैऱ्यावरसुद्धा असली पाळी येऊ नये. पण दिरानं मायेनं आणलेलं, म्हणून हिरा बिचारी पोपटासारखी बोलत राहिली. बोलून झालं की चुलीपुढं बसायची, घास तोंडाशी न्यायची आणि तो तसाच खाली ठेवायची. अंगाची पार काडी झाली. शेवटी दवाखान्यातल्या सावित्री नर्सबाईनं सांगितलं, मुंबईच्या इस्पितळात मनाचा डॉक्टर बसतो, त्याच्याकडे जा. तो आधी विचारतो आणि मग निवांत ऐकून घेतो.

मनाचा डॉक्टर! रविकांतला तो शब्दच नको होता. त्याला आचऱ्याहून सोयरीक आलेली. यांच्या घरात वेड आहे असं तिकडं कुणी सांगितलं, की झालंच लग्न! म्हणून त्यानं हिराला बजावलं होतं, कुणी बोललंच तर गणपतच्या बायकोच्या बाळंतपणाला चाललेय म्हणायचं. गणपत हिराचा भाऊ, मुंबईला गिरणीत होता. तो धक्क्यावर घ्यायला येणार होता, तेवढं मात्र खरं.

हिरानं गाठोडं सोडलं, पुस्तक काढलं आणि दिराच्या हातात परत दिलं.

“भावजी, तुमचा ह्या पुस्तक मी पोटभर आयकलंय. त्येना एक दिवस तरी माका इचारल्यान काय, हिरा, तुका काय जाला म्हणून?”

“पुस्तक कसं विचारील, वहिनी?”

“ताच सांगतंय. पुस्तक इचारणा नाय. जो इचारता, त्येच्याकडे चललंय.”

“हळू बोला. लोक ऐकतायत.”

ऐकणारच. पडावातली माणसं माना वळवून बसली होती, किनाऱ्याच्या पुळणीवर जाळं सुकत घालणाऱ्या बाप्यांचे हात थांबले होते. हिराची सासू पार्वती पाण्याच्या कडेला उभी होती, तोंडाला पदर लावून. तिनं सुनेला जा म्हटलं नव्हतं आणि नको जाऊसही म्हटलं नव्हतं.

रविकांत कचेरीत कामाला. चिडला की तो अधिकच शुद्ध बोलायचा. “तो काय विचारणार, आणि तुम्ही काय सांगणार? दादाला दर्यानं नेलं. त्यात तुमचा काय दोष?”

“माझोच दोष!” हिरा ओरडली. “त्या दिवशी तुमचो दादा होडयेत पाय घाली होतो आणि मी मागसून साद घातलंय, खंय चललात म्हणून! ह्याच तोंडान इचारलंय! सांगा, तुमच्या पुस्तकात आसा काय त्येच्यावर उतारो?”

दर्यावर निघालेल्याला कुठे म्हणून विचारायचं नसतं, हे मालवणात रांगतं पोरही जाणतं. विचारलं की तो परत येत नाही म्हणतात. घरच्या बायका ओठ दाबून उभ्या राहतात. पण त्या दिवशी नवरा आपली होडी सोडून दुसऱ्याच्याच होडीत चढला, आणि इतकी वर्षं नांदलेल्या हिराच्या तोंडून ते सुटलं. मायेनंच सुटलं. ते ती आजवर गिळून बसली होती. घास उतरणार तरी कुठून!

“अगे बाये माझे!” म्हणत पडावातली एक बाई सरकून लांब बसली. सगळ्यांचे डोळे पार्वतीकडे वळले. तिच्या पोटचा पोर गेला होता. तिनं सुनेला भर पुळणीवर शिव्याशाप दिले असते, तरी कुणी तिला बोल लावला नसता.

हिरानं मान खाली घातली नाही. “आये, आता काय ता म्हणा. घराभायर काढा. पण मी जातलंय.” आणि ती पाण्यातून जाऊन पडावात चढली.

दाजी तांडेलानं वल्ह्याला हात घातला.

“दाजी, थांब!” पार्वतीनं लुगडं वर खोचलं आणि गुडघाभर पाण्यात शिरून पडावाची कड धरली. सुनेच्या तोंडाकडे तिनं क्षणभर बघितलं. मग बाजारात गिऱ्हाइकाला हाक मारायची त्या खणखणीत आवाजात ती म्हणाली, “हिरा! खंय चललंस गो?”

दाजीच्या हातातलं वल्हं पाण्यात पडलं.

“पार्वते, खुळावलंस काय?” किनाऱ्यावरून कुणीतरी ओरडलं. “जीभ चाव, जीभ!”

“चावूची नाय! हिरा, सांग. खंय चललंस?”

हिराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, पण आवाज कापला नाही. “मुंबयक! मनाच्या डॉक्टराकडे!”

पार्वतीनं पडावाची कड सोडली आणि किनाऱ्याकडे तोंड केलं.

“आयकलास सगळ्यांनी? मी इचारलंय हां तिका. आता ती परत कशी येणा नाय, ताच बघतंय.”